तापलेली गाडी आणि बाबांची वही



गेल्या उन्हाळ्यात आमच्या भाच्याने एक जुनी स्टेशन वॅगन विकत घेतली. गाडीचे वय त्याच्या स्वतःच्या वयाहून अधिक. शब्बाथ संपल्यावर तो ती दाखवावयास घेऊन आला, तेव्हा इंजिनाच्या झाकणाखालून बारीक वाफ येत होती. "मामा, चढावर काटा वर जातो. गॅरेजवाला म्हणतो इंजिन बदला. काय करू?" असे त्याने विचारले. आम्ही पेशाने शिक्षक, कारागीर नव्हे. परंतु तो प्रश्न ऐकताच आम्ही उठलो आणि कपाटातून एक वही काढली. तिच्या पुठ्ठ्यावर तेलाच्या बोटांचे डाग अजून आहेत. ती आमच्या कैलासवासी तीर्थरूपांची वही. तिच्यात काय आहे आणि ती कशी लिहिली गेली, हे समाजबांधवांपुढे मांडावे असे आमच्या बहिणीने सुचविले. म्हणून हा लेखनप्रपंच.

बाबा मुंबईस कापडगिरणीत फिटर होते. घर भायखळ्यास. 1982 सालच्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि हजारो घरांप्रमाणे आमच्याही घराची घडी विस्कटली. पुढील काही वर्षे बाबांनी मिळेल ते काम केले. आमचे डी.एड. पूर्ण होताच, 1989 साली, आम्ही सर्वजण इस्राएलला आलो आणि डिमोना येथे स्थायिक झालो. बाबांना तेथील गिरणीत यंत्रदुरुस्तीचे काम मिळाले. आम्ही हिब्रू शिकून पुन्हा अध्यापनाकडे वळण्याच्या खटपटीला लागलो.

1991 साली बाबांनी एक वापरलेली सुबारू स्टेशन वॅगन घेतली. त्या मागील दोन दशकांत अरब राष्ट्रांच्या बहिष्काराला भिऊन बहुतेक जपानी कारखाने इस्राएलला गाड्या विकत नसत. सुबारू मात्र विकत असे, आणि त्यामुळे मोशावांत, विकासनगरांत, गल्लोगल्ली तीच गाडी दिसे. आमच्या आधी आलेले लोक त्याच्याही पूर्वीच्या सुसीता गाडीच्या गोष्टी सांगत. हैफाकडे बनणाऱ्या त्या गाडीचा सांगाडा फायबरग्लासचा असे, आणि वाळवंटातले उंट तो खाऊन टाकतात अशी थट्टा देशभर चाले. आमची गाडी पत्र्याची, म्हणून उंटांपासून सुरक्षित, असे बाबा म्हणत. या देशात स्टेशन वॅगनला नुसते 'स्टेशन' म्हणतात. त्यावरही बाबांचा विनोद ठरलेला होता. कोणी विचारले की म्हणत, "भायखळा स्टेशन सोडलं, आता हे स्टेशन दारात आलं."

ते 'स्टेशन' एकट्या आमचे कधीच नव्हते. कोणाच्या घरी मलिद्याचा बेत असला की पोह्यांची पोती, नारळ आणि मोठी पातेली त्यातून जात. बीरशेबाच्या इस्पितळात कोणाला न्यावयाचे असले की मध्यरात्री आमच्याच दारावर थाप पडे. ओझे मागे कितीही मावते, म्हणून कितीही लादले जाते, हा या जातीच्या गाडीचा भोग आहे. इंजिन लहान मोटारीचेच, आणि काम टेम्पोचे.

आता त्या दिवसाची हकीकत. 1993 सालचा ऑगस्ट महिना, शुक्रवार. मावशीच्या त्वचेच्या विकारासाठी आम्ही मंडळी मृत समुद्रावर, एन बोकेक येथे गेलो होतो. मावशी, तिच्या दोन लहान नाती, आई, बाबा आणि आम्ही. बहीण तेव्हा लष्करी सेवेत होती, म्हणून एक जागा मोकळी मिळाली. नाती मागे सामानाच्या जागेत बसल्या. त्या काळी तसे चालत असे. गाडी आम्ही चालवीत होतो. परवाना हाती येऊन वर्ष झाले नव्हते, आणि तेवढ्यात जो ताठा यावयाचा तो पुरता आला होता.

निघावयास उशीर झाला. शब्बाथ लागण्यापूर्वी घर गाठणे आवश्यक होते. सदोमवरून दक्षिणेस येऊन अरावाच्या फाट्याला 25 क्रमांकाचा रस्ता पकडला की डिमोनापर्यंत चढच चढ. एन बोकेकचा काठ समुद्रसपाटीच्या खाली सुमारे 400 मीटर, आणि डिमोना समुद्रसपाटीच्या वर 500 मीटरांहून अधिक. म्हणजे त्या भरलेल्या गाडीला एका दमात 900 मीटर वर चढावयाचे होते, ऑगस्टच्या उन्हात.

पहिल्या मोठ्या वळणानंतर तापमानाचा काटा मधली रेघ ओलांडून वर सरकला. बाबा म्हणाले, "हीटर पूर्ण सोड." वाचकांना हे विचित्र वाटेल. परंतु हीटर म्हणजे इंजिनाच्या गरम पाण्यावर चालणारा दुसरा छोटा रेडिएटरच असतो. तो सोडला की इंजिनाची काही उष्णता गाडीत शिरते आणि इंजिनाला तेवढा आराम मिळतो. आम्ही हीटर सोडला. दोन मिनिटांत मावशी कासावीस झाली, नाती रडू लागल्या, आणि आम्ही तो पुन्हा बंद केला. बाबा म्हणाले, "मग बाजूला घे. थांब." आम्ही घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, "बाबा, आता थांबलो तर शब्बाथ रस्त्यात लागेल."

काटा तांबड्या पट्ट्यात गेला. आम्ही तसेच निघालो. आणि मग एक नवल झाले. काटा आपोआप खाली येऊ लागला. तांबड्यातून मध्यावर, मध्यावरून आणखी खाली. आम्ही आनंदाने म्हणालो, "पाहा बाबा, थंड झाली!"

बाबांचा चेहरा पांढरा पडला. ते इतक्या मोठ्याने ओरडले की नाती रडावयाच्या थांबल्या. "थांब! अरे, पाणी संपलंय! काटा पाण्यात बुडालेला असतो तेव्हाच सांगतो. पाणीच नसेल तर तो काय सांगणार?"

हे वाक्य आम्ही आज तीस वर्षे बाळगून आहोत. तापमान मोजणारा लहानसा भाग इंजिनाच्या पाण्यात बसविलेला असतो. पाणी उकळून बाहेर गेले, पातळी उतरली की तो कोरडा पडतो आणि काटा खाली येतो. इंजिन त्या वेळी आधीपेक्षा अधिक तापलेले असते. सर्वांत वाईट क्षणी काटा सर्वांत चांगली बातमी देतो.

आम्ही गाडी कडेला घेतली. इंजिनाचे झाकण उघडले, वाफेचा लोट आला. आपली चूक झटपट निस्तरावी या घाईने आम्ही हातात टॉवेल घेतला आणि रेडिएटरची टोपी फिरवू लागलो. बाबांनी आम्हाला खांद्याने ढकलून बाजूला केले. त्याच क्षणी टोपी उडाली. उकळते पाणी आणि वाफ आमच्या तोंडावर यावयाची ती बाबांच्या डाव्या हातावर गेली, मनगटापासून कोपरापर्यंत.

टोपी का उडते, हे विज्ञान शिकविणाऱ्या माणसाला ठाऊक असावयास हवे होते. घरोघरच्या कुकरचेच ते तत्त्व आहे. रेडिएटरच्या टोपीतील स्प्रिंग आतला दाब हवेच्या दाबाहून सुमारे 0.9 बार अधिक राखते. त्या दाबाखाली पाणी 100 अंशांना न उकळता 115 ते 120 अंशांच्या दरम्यान उकळते. टोपी उघडली की दाब एकाएकी नाहीसा होतो, आणि 100 अंशांच्या वर तापलेले पाणी त्याच क्षणी वाफ होऊन बाहेर झेपावते. शिट्टी होत असलेला कुकर आपण उघडीत नाही. मोटारीचा कुकर मात्र शहाणेसुरते लोकही उघडतात.

गाडीत पिण्याच्या पाण्याचा एकच डबा होता. बाबा दात आवळून म्हणाले, "पाणी इंजिनाला ठेवा." आईने ते ऐकले नाही. "इंजिन दुसरं मिळेल," एवढेच ती म्हणाली, आणि धार धरून ते पाणी त्यांच्या हातावर ओतीत राहिली. नातींसाठी तळाशी चार घोट उरले.

अर्ध्या तासाने एक मालमोटार थांबली. चालक बेदुईन होता. त्याने बाबांचा हात पाहिला, काही न विचारता त्यांना व आईला वर बसविले आणि डिमोनाच्या दवाखान्यात पोचविण्याचे वचन दिले. जाताना पाण्याचा एक मोठा डबा आमच्यापाशी ठेवून तो हिब्रूत म्हणाला, "आता ओतू नकोस. हात लावून धरवेल इतकं थंड होऊ दे." तापलेल्या धातूवर गार पाणी पडले तर हेडला तडा जातो, हे त्यालाही ठाऊक होते.

ती संध्याकाळ आम्ही विसरणार नाही. डोंगर तांबडे झाले, मग काळे. मावशी एक शब्द बोलली नाही. इंजिन पुरते निवल्यावर टोपी आधी पाव फेरा फिरवून, सुस्कारा संपल्यावर काढली आणि पाणी हळूहळू भरले. मागून पांढरा धूर सोडीत, दोन वेळा थांबत, रात्री घरी पोचलो. शब्बाथ केव्हाच लागला होता. आई अजून दवाखान्यात होती. मेजावर दिवे मांडलेले होते, पेटविलेले नव्हते. आमच्या आठवणीत आमच्या घरी असे त्याच एका शुक्रवारी घडले.

रविवारी गाडी एका गॅरेजात नेली. जूनमध्ये तेथेच दाखविली होती, तेव्हा त्यांनी थर्मोस्टॅट काढून टाकला होता. 'गरम मुलखात तो लागत नाही' असे त्यांचे म्हणणे. आता त्यांनी दोन मिनिटे पाहून 'इंजिन बदला' असा निकाल दिला. हात गळ्यात बांधलेले बाबा शांतपणे म्हणाले, "काय काय तपासलंत?" उत्तर आले नाही. बाबांनी गाडी घरी ओढून आणविली, आम्हाला एक कोरी वही आणावयास सांगितली आणि म्हणाले, "माझा एक हात गेला आहे. तुझे दोन लागतील. आणि जे पाहशील ते लिहायचं."

डी.एड.ला आम्हाला निदानात्मक चाचणी शिकविली होती. मुलाने 52 मधून 27 वजा करून 35 लिहिले, तर 'चूक' म्हणणे हे निदान नव्हे. त्याने 2 मधून 7 जाण्याऐवजी 7 मधून 2 काढले, हातचा घेणे त्याला समजले नाही, हे ओळखणे म्हणजे निदान. इतके पाठ असूनही आम्ही गाडीच्या बाबतीत केवळ उत्तर पाहत होतो, पायऱ्या पाहत नव्हतो. गिरणीतल्या फिटरने त्या आठवड्यात आम्हाला आमचाच विषय पुन्हा शिकविला.

वहीत पहिल्या पानावर त्यांनी लिहावयास लावलेला प्रश्न असा: गाडी केव्हा तापते? शहरात, सिग्नलला उभी असताना तापत असेल आणि वेग घेताच निवत असेल, तर दोष वाऱ्याचा. पंखा फिरत नाही, किंवा त्याचे बटण वा फ्यूज गेला आहे. मोकळ्या रस्त्यावर, चढावर तापत असेल तर पंख्याचा संबंध थोडा. मग पाणी नीट फिरत नाही किंवा रेडिएटर भरला आहे. सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापत असेल तर पाणी कमी आहे किंवा थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला आहे. आणि थंडीत गाडी कधी नीट गरमच होत नसेल, तर तो उघडा अडकला आहे किंवा कोणी काढून टाकला आहे.

दुसऱ्या पानावर: पाणी जाते कोठे? पाईपांच्या टोकांवर, पाण्याच्या पंपाखाली, रेडिएटरच्या सांध्यांवर पांढरे वा हिरवे ओघळ शोधावेत. पायाखालचा गालिचा ओला आणि गोडसर वास येत असेल तर हीटर गळतो. बाहेर कोठेही थेंब नाही आणि पाणी तरीही कमी होते, तर हेडच्या गॅस्केटवर संशय घ्यावा. थंड इंजिन टोपी काढून सुरू केले असता पाण्यात सतत बुडबुडे येणे, मागून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहणे, तेल दुधाळ होणे, ही त्याची लक्षणे.

तिसऱ्या पानापासून तपासणी. पट्टा अंगठ्याने दाबला, तो चांगला चार बोटे खाली गेला. सुमारे एक सेंटीमीटर दबावा. म्हणजे पाण्याचा पंप पट्ट्यावरून घसरत होता. रेडिएटरच्या समोर विजेरी धरली, तर जाळीत नेगेवची धूळ आणि मेलेले किडे लिंपल्यासारखे बसले होते. टोपीच्या तोंडातून आत पाहिले, तर नळ्यांच्या तोंडाशी पांढरा थर. आमच्या किटलीत बसतो तोच. दोन वर्षे आम्ही नळाचे कठीण पाणी ओतीत होतो. 'आमच्याकडे बर्फ पडत नाही, मग ते हिरवे पाणी कशाला?' असे आम्हीच बाबांना म्हटले होते, आणि त्या शेकेलांची बचत केल्याचा आम्हाला अभिमान होता. ते हिरवे द्रव्य गोठण्यापासून वाचविते हे खरे. परंतु ते गंज व थर बसू देत नाही आणि पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढविते, हे आम्ही ध्यानात घेतले नव्हते.

अशा रीतीने तीन लहान दोष मिळून एक मोठा दोष झाला होता, आणि चौथा दोष गाडी चालविणाऱ्याच्या हट्टाचा. इंजिन बदलावे लागले नाही. रेडिएटर उघडून त्याच्या नळ्या सळईने साफ करविल्या. एका बाजूचे हेड काढून त्याचा पृष्ठभाग सपाट करविला, नवे गॅस्केट घातले, नवा पट्टा, नवी टोपी आणि थर्मोस्टॅट पुन्हा जागेवर. नटबोल्ट आम्ही आवळीत होतो आणि बाबा स्टुलावर बसून क्रम सांगत होते: मधून बाहेर, थोडे थोडे, एकदम नाही.

त्या वर्षी किप्पूरच्या आदल्या दिवशी, रिवाजाप्रमाणे, आम्ही वडीलधाऱ्यांची क्षमा मागितली. बाबांच्या हातावरची पट्टी तेव्हा नुकतीच सुटली होती. नवी कातडी गुलाबी आणि चुणीदार दिसत होती. आमच्याने शब्द फुटेना. बाबांनी डोक्यावर हात ठेवला, तोच डावा हात, आणि विचारले, "वही पुरी केलीस का?"

पुढे ती गाडी 2006 सालापर्यंत चालली. वहीची शेवटची पाने देखभालीची आहेत. दर दोन वर्षांनी हिरवे पाणी बदलणे, तेही शुद्ध केलेल्या पाण्यात निम्मे-निम्मे मिसळून. वर्षातून एकदा रेडिएटरची जाळी इंजिनाच्या बाजूने बाहेर, हलक्या धारेने धुणे. रबरी पाईप दाबून पाहणे. फुगलेला, तडकलेला किंवा पिळपिळीत झालेला पाईप प्रवासाआधी बदलणे, प्रवासात नव्हे. इंजिन बंद असले तरी विजेचा पंखा आपोआप फिरू शकतो, म्हणून गरम गाडीत बोटे न घालणे. सामान लादण्यापूर्वी चढ आठवणे. बाबा 2011 साली निवर्तले. शेवटची नोंद त्यांच्या हातची आहे: 'गाडी विकली. पाणी बदलून दिली.'

भाच्याला आम्ही वही दिली नाही, तिची नक्कल करावयास लावले. त्याने पट्टा, जाळी, पाईप असे क्रमाने तपासले. दोष पंपात निघाला. पंपाच्या खालच्या बारीक भोकातून पाणी ठिबकत होते आणि गरम इंजिनावर पडताच सुकून जात होते. इंजिन बदलण्याची गरज नव्हतीच.

आजच्या नव्या गाड्यांत पुष्कळदा काटाच नसतो, नुसता एक दिवा असतो. जेथे काटा असतो तेथेही तो मध्यावर स्थिर राहील अशी योजना केलेली असते. विजेवर चालणाऱ्या पुष्कळ गाड्यांच्या बॅटऱ्यांनाही थंड ठेवणारे पाणी लागते. तेव्हा बाबांचे वाक्य जुन्या गाडीबरोबर भंगारात गेलेले नाही. वर्गातही आम्हाला ते उपयोगी पडते. सतत शंका विचारणारे मूल एकाएकी गप्प झाले, तर 'आता समजू लागले' असे आम्ही मानीत नाही. त्याच्याजवळ जाऊन बसतो.

वाचकांपैकी ज्यांच्या दारी अद्याप जुने 'स्टेशन' उभे असेल, त्यांना आमची एकच विनंती. काटा वर गेला तर थांबा. काटा एकाएकी खाली आला तर त्याहून लवकर थांबा. टोपीला हात लावू नका. उशीर होऊ द्या. दिवे लावावयास घरी माणसे धडधाकट पोचली पाहिजेत.